शेळीमागे किती ज्वारी?

नायजर देशाच्या दक्षिण टोकाला, नायजेरियाच्या सीमेलगत, मराडी हा बाजरीचा मुलूख आहे. तिथल्या आठवडी बाजारात बाजरी शंभर किलोच्या पोत्यांतून उतरते, पण रोजंदारीवरच्या माणसाला पोतं परवडत नाही. तो ‘तिया’ घेतो. तिया म्हणजे अडीचेक किलो धान्य मावणारं वाडगं. विकणारा ते बाजरीत खुपसतो, वर उचलतो आणि हाताने शीग रचतो. भाव टिपायला आलेल्या माणसाला इथे नुसता आकडा विचारून चालत नाही. भांडं गेल्या वेळचंच आहे का, शीग किती उंच आहे, बाजरी नवी की गेल्या सालची, खडे-माती किती, हे सगळं त्याला डोळ्यांनी पाहावं लागतं. धान्य महागायला लागलं की पुष्कळदा भाव आधी चढत नाही, शीग आधी उतरते. मग सपाट माप येतं, मग बुडाला पोचा आलेलं भांडं येतं. सांगायला भाव तोच, पदरात पडणारं धान्य कमी. पायली-अधोलीचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. म्हणून नीट काम करणारा माणूस काटा जवळ ठेवतो, भांड्यातलं धान्य तोलतो, किलोचा भाव काढतो, दोन-तीन दुकानांत तोच माल पुन्हा विचारतो आणि मग ते आकडे मोबाइलवरून राजधानीला धाडतो.

असे शेकडो बाजार आज जगभर पाहिले जातात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेलच्या पट्ट्यात बाजरी आणि ज्वारी, पूर्व आफ्रिकेत मका, येमेन-अफगाणिस्तानात गव्हाचं पीठ, हैतीत तांदूळ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची इशारा यंत्रणा १९७० च्या दशकातल्या धान्यसंकटानंतर उभी राहिली. इथिओपिया आणि सुदानमध्ये माणसं मेल्यावर १९८५ साली अमेरिकेने ‘फ्यूज नेट’ सुरू केलं. जागतिक अन्न कार्यक्रमाची स्वतःची टिपणारी माणसं आहेत, आणि नायजर, माली अशा देशांची सरकारी खातीही नेमाने भाव गोळा करत आली आहेत. हे काम कोणाला कारकुनी वाटेल. मला ते आजच्या जगातल्या अत्यंत गरजेच्या कामांपैकी एक वाटतं, आणि हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

गरज कशाची, तर वेळेची. मूल कुपोषित आहे का हे पाहण्यासाठी त्याच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की पट्टी लाल दाखवते. पण पट्टी लाल दाखवते तोवर त्या घराने काय काय केलेलं असतं? आधी दोन वेळचं एक वेळ झालं, मग कर्ज, मग कोंबड्या, मग शेळ्या, मग बियाणं, शेवटी गाव सोडणं. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी बाजारातून जाते. ज्याला बाजार वाचता येतो त्याला हे संकट काही महिने आधी दिसतं.

अर्थात भाव चढला की संकट आलं असं नसतं. सुगीला धान्य स्वस्त असतं, पेरणीनंतरच्या उपाशी महिन्यांत महाग होतं. हे दरसाल घडतं. त्यामुळे ऑगस्टचा भाव ऑगस्टशीच ताडायचा, मागच्या चार-पाच वर्षांच्या ऑगस्टशी. त्यातही एक कडू गोष्ट दडलेली आहे. साहेलमधला छोटा शेतकरी पुष्कळदा विकतो त्याहून जास्त धान्य विकत घेतो. सुगी झाली की सावकार दारात असतो, म्हणून तो खळ्यावरच स्वस्तात विकतो. आणि पाऊस पडून शेतात राबायची वेळ येते तेव्हा तेच धान्य दीडपट भावाने परत आणतो. महागाईत शेतकऱ्याचा फायदा होतो हे आपलं शहरी गृहीतक तिथे पार उलटं पडतं.

२००५ चं नायजर हे या विद्येचं फार शिकवणारं प्रकरण आहे. आदल्या वर्षी टोळधाड आली, पाऊस लवकर संपला, पीक कमी आलं. पण घट प्रचंड नव्हती. नेहमीच्या सरासरीपेक्षा साधारण एक दशांश कमी. एवढ्या तुटीने मुलं मरायला नको होती. तरी २००५ च्या पावसाळ्यापर्यंत बाजरीचा भाव नेहमीच्या जवळजवळ दुप्पट झाला. याचं उत्तर सीमेपलीकडे होतं. एरवी तुटीच्या वर्षी नायजेरियातून धान्य येतं. तिथलं कानोजवळचं दवानाऊ हा पश्चिम आफ्रिकेतला सर्वांत मोठा धान्यबाजार. त्या वर्षी उत्तर नायजेरियातच भाव चढे होते, आणि धान्य उलट्या दिशेने ओढलं जाऊ लागलं. माली आणि बुर्किना फासोने आपलं धान्य बाहेर जाऊ देण्यात आडकाठी केली. नायजरमधले गुराखी जनावरं घेऊन बाजारात उतरले तर जनावरांना भाव नाही. आणि सगळ्यात जास्त कुपोषित मुलं कुठे दाखल झाली? मराडीत, देशातल्या त्यातल्या त्यात सुपीक भागात, जिथे बाजरी पिकते.

बाजारभावांत हा चढ महिनोन् महिने आधीपासून दिसत होता. सरकारने काही धान्य स्वस्तात विकायला काढलं, पण ज्याच्याजवळ पैसाच नाही त्याला स्वस्त धान्यही महागच. फुकट वाटपाला बराच काळ विरोध होता. जुलै २००५ मध्ये बीबीसीने मराडीच्या मुलांची दृश्यं दाखवली तेव्हा कुठे मदत हलली. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष ममादू तांजा यांनी बीबीसीला सांगितलं की नायजरची जनता खाऊनपिऊन सुखी दिसते. देशाचा प्रमुख हे म्हणत होता तेव्हा त्याच्याच खात्याचे भावाचे तक्ते याच्या नेमकं उलट सांगत होते.

याच काळात नायजरमध्ये मोबाइल पोचत होता. अर्थशास्त्रज्ञ जेनी एकर यांनी २००१ ते २००६ या वर्षांतले बाजारभाव तपासले. ज्या ज्या भागात मनोरे उभे राहिले तिथे बाजाराबाजारांतल्या भावांची तफावत १० ते १६ टक्क्यांनी कमी झाली. व्यापाऱ्याला दुसऱ्या गावचा भाव फोनवर कळला की तो पोती तिकडे नेतो, एवढं ते साधं आहे. भावाची माहिती ही स्वतःच थोडीफार मदत असते. पण थोडीफारच. व्यापारी धान्य जिथे भाव आहे तिथे नेतो; जिथे भूक आहे पण खिसा रिकामा आहे तिथे तो कशाला जाईल?

हा प्रश्न धरूनच अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळांचा हिशोब नव्याने मांडला. त्यातलं इथिओपियाच्या वोलो प्रांताचं उदाहरण भाव टिपणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावं. १९७३ साली वोलोत लोक उपासमारीने मरत होते, आणि प्रांताचं मुख्य शहर असलेल्या देसीच्या बाजारात धान्याचे भाव फारसे चढलेच नाहीत. वोलोतून काही धान्य बाहेर जातही होतं. शेतकऱ्याचं पीक बुडालं म्हणजे त्याचं खाणं गेलं आणि कमाईही गेली. विकत घ्यायला कोणी बाजारात आलंच नाही, मग भाव चढणार कशाने? ज्वारीचा भाव एकटाच पाहणाऱ्याला वोलोत सगळं ठीक दिसलं असतं.

म्हणून हे काम जाणणारे लोक धान्याचा भाव सुटा वाचत नाहीत. गरीब माणूस जे विकतो त्याच्याशी तो लावून पाहतात. सोमालियात हे गणित रोजच्या व्यवहारात आहे: एक शेळी विकली तर किती किलो ज्वारी येते? एका दिवसाच्या मजुरीत किती? समजा, बऱ्या वर्षी एका शेळीत दीड पोतं ज्वारी मिळत होती. पाऊस गेला, चारा संपला. प्रत्येक धनगराला वाटतं की मरण्याआधी चार शेळ्या विकून टाकाव्यात, आणि सगळ्यांना एकाच महिन्यात तसं वाटतं. शेळी अर्ध्या किमतीवर येते. ज्वारी दुप्पट होते. शेळीमागे दीड पोतं होतं तिथे आता पोत्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त उरलं. ज्वारी नुसती दुपटीने महागली, पण त्या घराचं खाणं चौथाईवर आलं. हे गुणोत्तर घसरायला लागलं की शहाण्याने लगेच उठावं. शेतमजुराचंही तेच. पेरणी नाही तर मजुरी नाही. आणि मजुरी मिळाली तरी तिच्यात मावणारी ज्वारी कमी.

२०१० च्या शेवटी दक्षिण सोमालियात असंच घडू लागलं. ला निनामुळे पाऊस दगा देणार हे त्या वर्षीच्या ऑगस्टपासून सांगितलं जात होतं. ऑक्टोबर ते डिसेंबरचा ‘देर’ पाऊस गेला, पुढे एप्रिलपासूनचा ‘गू’ पाऊसही धड झाला नाही. बैदोआच्या बाजारात लाल ज्वारीचा भाव महिन्यामागून महिना चढत होता. दक्षिणेतल्या काही बाजारांत धान्य वर्षभरात तिपटीवर गेलं. शेळीमागची ज्वारी आणि मजुरीमागची ज्वारी, दोन्ही कोसळत होत्या. इशाऱ्याची पत्रकं निघत होती, बैठकांत मांडली जात होती. २० जुलै २०११ रोजी, पहिल्या इशाऱ्यानंतर ११ महिन्यांनी, संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण बकूल आणि खालच्या शबेले भागात दुष्काळ जाहीर केला. पुढे झालेल्या अभ्यासाने मृत्यूंचा आकडा सुमारे २,५८,००० काढला. त्यातली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुलं.

‘दुष्काळ’ जाहीर करायच्या आंतरराष्ट्रीय कसोट्या ऐकल्या की अंगावर काटा येतो. पाचातलं एक घर अन्नाविना, दहातली तीन मुलं तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजारांत रोज दोन मृत्यू. म्हणजे तो शब्द अधिकृतपणे उच्चारायचा तर माणसं आधी मेलेली असावी लागतात. या कसोट्या काटेकोर असण्यात काही वावगं नाही; शब्द स्वस्त झाला तर त्याची किंमत राहणार नाही. पण देणगीदार सरकारं त्या शब्दाची वाट पाहत बसतात, हे भयंकर आहे. बाजारातल्या गुणोत्तराला मृत्यूची वाट पाहावी लागत नाही. बैदोआचा भाव तर कित्येक महिने आधी सगळं सांगून बसला होता.

मग कोणी हललं का नाही? दक्षिण सोमालिया अल-शबाब या सशस्त्र संघटनेच्या ताब्यात होता. जागतिक अन्न कार्यक्रमाने तिथलं काम २०१० च्या सुरुवातीलाच थांबवलेलं होतं. मदतीचं धान्य अल-शबाबच्या हाती गेलं तर अमेरिकन कायद्याने आपल्यावरच बालंट येईल, या धास्तीने इतर संस्थाही बिचकत होत्या. माहिती पुरेशी होती. माहिती हाती आल्यावर अमुक करावंच लागेल, असं बंधन कोणावरही नव्हतं. २०१७ मध्ये पुन्हा पाऊस गेला तेव्हा आधीची आठवण ताजी होती. पैसा लवकर आला, लाखो घरांना थेट रोख रक्कम मिळाली, बाजारात धान्य होतंच ते लोकांना घेता आलं. त्या वर्षी दुष्काळ जाहीर करायची वेळ आली नाही. दोन्ही वेळा भाव टिपणारे तेच होते.

*

हे बंधन कागदावर आणण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या दख्खनेतल्या मृत्यूंतून झाला, म्हणून थोडं मागे जायला हवं.

१८७६ चा पाऊस दख्खनेत हुकला. सोलापूर, कलादगी, अहमदनगर, सातारा, पुणे. सगळीकडे एकच कथा. त्या काळी धान्याचा भाव ‘रुपयाला इतके शेर’ असा सांगत आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून हे आकडे सरकारकडे जात. आकडा खाली आला की महागाई वर गेली. भाव ठाऊक नव्हते असं मुंबई सरकारला म्हणता येणार नव्हतं. शिवाय पुण्याची सार्वजनिक सभा होती. १८७० साली गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली आणि पुढे न्यायमूर्ती रानडे यांचं डोकं तिच्या कामामागे उभं राहिलं. सभेने जिल्ह्यांतल्या आपल्या माणसांकडून गावोगावची हकीकत मागवली आणि एकामागून एक दुष्काळाची वृत्तं तयार करून सरकारला पाठवली. सरकारी यंत्रणेच्या बाहेर उभं राहून, ठरावीक काळाने, पुराव्यानिशी दुष्काळाची खबर देणारं हे काम माझ्या मते आजच्या सगळ्या इशारा यंत्रणांचं पूर्वज आहे. पुण्यात त्याची आठवण फारशी काढली जात नाही, याचं वाईट वाटतं.

आणि सरकारने काय केलं? व्हाइसरॉय लिटन यांचा दंडक होता की धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर निघाले आणि त्यांनी खडी फोडणाऱ्या, तलाव खणणाऱ्या माणसाची मजुरी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि तेही दिवसभर उन्हात राबणाऱ्याला. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी सरळ लिहिलं की एवढ्यावर माणूस जगत नाही. दख्खनेत हजारो मजुरांनी कामावर जायचं नाकारलं आणि सार्वजनिक सभा त्यांच्या मागे उभी राहिली. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता.

या दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि १८८३ पासून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. साम्राज्याने त्या काही प्रेमापोटी केल्या नव्हत्या. पण त्यांत एक मोलाची गोष्ट होती. भाव चढणं, सावकाराने उधार बंद करणं, माणसांनी दिशाहीन भटकायला लागणं, चोऱ्या वाढणं. ही लक्षणं लिहून ठेवली होती, आणि लक्षणं दिसली की कलेक्टरने काय करायचं तेही लिहून ठेवलं होतं. आधी चाचणीपुरती कामं काढायची, लोक आले की पुरती उघडायची. १८९६ च्या दुष्काळात टिळक आणि सभेचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना हेच सांगत होते: हे तुमच्यासाठी लिहिलेलं आहे, मागून घ्या. १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली, यावरून ते सांगणं किती झोंबलं असेल ते कळतं. पुढे १९२० साली सुदानमधल्या इंग्रज राजवटीने दुष्काळाचे नियम केले तेव्हा त्यांचा नमुनाही हिंदुस्थानी संहितांचाच होता. सोलापूर-कलादगीच्या मरणातून शिकलेला धडा असा सुदानच्या दारफुरपर्यंत पोचला होता.

संहिता असूनही ती लावली नाही तर काय होतं, ते बंगालने पाहिलं. कलकत्त्यात तांदळाचा घाऊक भाव डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये होता. मार्च १९४३ मध्ये २१. मे महिन्यात ३० च्या वर. ऑगस्टमध्ये ३७. ऑक्टोबरपर्यंत ढाक्याकडे शंभराच्या पलीकडच्या बातम्या येत होत्या. इतका स्पष्ट आलेख क्वचितच कुठल्या दुष्काळाने आधी काढून दाखवला असेल. तरीही बंगालमध्ये दुष्काळ संहिता लागू केली गेली नाही. काळजीवाहू गव्हर्नर रदरफोर्ड यांनी व्हाइसरॉयना कारण कळवलं: संहितेत ठरवून दिलेला शिधा द्यायला आपल्याजवळ धान्य नाही. शिधा द्यायची जबाबदारी नको म्हणून दुष्काळ म्हणायचंच नाही. लाखो माणसं मेली.

आता याच्या समोर १९७२ चा महाराष्ट्र ठेवावा. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आणि त्याच वर्षांतल्या साहेलशी त्याची तुलना केली. माणशी धान्याचं उत्पादन पाहिलं तर महाराष्ट्राची स्थिती साहेलमधल्या बहुतेक देशांहून वाईट होती. साहेलमध्ये माणसं मोठ्या संख्येने मेली. महाराष्ट्रात हाल झाले, जनावरं गेली, अर्धपोटी दिवस काढावे लागले, पण मरणाचा तसा लोंढा आला नाही. मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, रस्ते, नाल्यांवरचे बांध, आणि खडी फोडण्याचा तो अखंड आवाज. हातात रोजचा पैसा होता म्हणून बाहेरून येणारं धान्य गावापर्यंत ओढलं गेलं. रेशनवरची लाल मिलो आणि कामावरची सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. हे सगळं आपोआप झालं नाही. गावोगाव मोर्चे, घेराव, कामाची मागणी. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या त्याही याच सुमारास, महागाईविरुद्ध. तेल-साखर-ज्वारीचा भाव त्यांना कोणत्या पत्रकातून वाचायची गरज नव्हती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच दुष्काळात तावून निघाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम: सरकारला बांधून घालणारं असं वाक्य त्या वेळच्या साहेलमध्ये कुठेही नव्हतं.

*

आज आपण या गोष्टीत आणखी एका बाजूने आहोत. जगाच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या तांदळापैकी साधारण ४० टक्के भारताचा असतो. १३ मे २०२२ रोजी आपण गव्हाची निर्यात थांबवली, त्या सप्टेंबरात तुकडा तांदळाची, आणि २० जुलै २०२३ रोजी बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची. ही शेवटची बंदी २०२४ च्या सप्टेंबरअखेर उठली. तुकडा तांदूळ आपल्याकडे हलका समजतात. सेनेगलमध्ये तोच रोजचा भात आहे, मासे घालून केलेला त्यांचा लाडका पदार्थ तुकड्याचाच होतो. दिल्लीत अधिसूचना निघते आणि डकारच्या वाण्याच्या पाटीवरचा आकडा बदलतो.

देशात भाव चढत असताना सरकारने घरचं आधी पाहिलं, याला मी चूक म्हणणार नाही. केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग १९९८ पासून भावांवर नजर ठेवतो. आता देशभरच्या सुमारे साडेपाचशे केंद्रांतून ३८ वस्तूंचे भाव रोज गोळा होतात. त्यावरून साठा बाहेर काढायचा की निर्यात रोखायची ते ठरतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या टेबलावर हे आकडे येतात त्याच टेबलावर डकार, कोटोनू, मोगादिशूचेही आकडे असावेत. बंदी एका रात्रीत न घालता टप्प्याने घालता येते, गरीब देशांना सरकारी करारांतून ठरावीक धान्य देता येतं. असे करार त्या काळात काही देशांशी झालेही. ते अपवाद म्हणून झाले. नियम म्हणून व्हायला हवेत.

हे सगळं ज्या आकड्यांवर उभं आहे, त्या आकड्यांच्या मुळावरच २०२५ मध्ये घाव बसला. जानेवारीत अमेरिकेच्या नव्या सरकारने परदेशी मदत गोठवली, आणि महिनाअखेरीला फ्यूज नेटचं संकेतस्थळ बंद पडलं. चाळीस वर्षांची टिपणं, नकाशे, अंदाज एका आठवड्यात दिसेनासे झाले. काही महिन्यांनी काम मर्यादित रूपात पुन्हा सुरू झालं, पण दरम्यान तुटलेली मालिका परत जोडता येत नाही. मार्चचा भाव मार्चमध्येच टिपावा लागतो. मधल्या रिकाम्या जागा संगणकाने अंदाज बांधून भरण्याची पद्धत जागतिक बँकेने विकसित केली आहे आणि ती उपयोगी आहे. तरी शेजारच्या बाजारावरून बांधलेला अंदाज वेढ्यातल्या बाजाराला लागू पडत नाही.

सुदानमधल्या अल-फाशरने हे दाखवून दिलं. एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटलं, पुढच्या वर्षी दारफुरमधल्या या शहराला वेढा पडला, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी शहराजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं तज्ज्ञांच्या समितीने मान्य केलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने सांगितलं की अल-फाशरमध्ये ज्वारी-गव्हाचे भाव सुदानच्या इतर भागांपेक्षा ४६० टक्क्यांपर्यंत जास्त आहेत. तिथे भावही एक नव्हता. रोख नोटा मिळत नव्हत्या, लोक ‘बंकक’ या बँकिंग ॲपवरून पैसे पाठवत, आणि त्याच ज्वारीचा रोखीचा भाव वेगळा, ॲपचा वेगळा. टिपणाऱ्याने कोणता लिहायचा? दोन्ही लिहायचे, त्या दोन्हींतलं अंतरही लिहायचं, कारण पैशावर पैसा किती मोजावा लागतो तेही त्यात कळतं. लोक शेंगदाण्याची पेंड, जी गुरांना घालतात ती, खाऊ लागले होते. मग पेंडीचाही भाव टिपावा लागतो. बाजारात फिरणंच जिथे जिवावरचं काम होतं तिथे कोणीतरी हे आकडे गोळा करून बाहेर पाठवत होतं, म्हणून ते आपल्याला माहीत आहेत.

आता आपल्या दाराशी येऊ. बार्शीच्या बाजारात रब्बीची ज्वारी उतरते तेव्हा पाहावं: हमाल पोत्याचं तोंड सोडतात, आडत्याभोवती खरेदीदार जमतात, कोणी मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर घालतो, दाताखाली चावून पाहतो, आणि काही मिनिटांत सौदा तुटतो. संध्याकाळपर्यंत किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर नोंदले जातात आणि राज्यभर पोचतात. हा विकणाऱ्याचा, क्विंटलचा भाव आहे. त्याच तालुक्यात खुरपायला जाणाऱ्या बाईच्या एका दिवसाच्या मजुरीत किती किलो ज्वारी येते, हे त्या फलकावर कुठेच नसतं. मेळघाटात किंवा नंदुरबारच्या पाड्यांवर दरवर्षी पावसाळ्यात बालमृत्यूंच्या बातम्या येतात तेव्हा आपण आरोग्य केंद्राकडे बोट दाखवतो. तीन महिने आधी तिथल्या आठवडी बाजारात काय चाललं होतं, हे कोणी विचारत नाही.

यासाठी लागणारे आकडे बहुतेक सगळे गोळा होतातच. ज्वारी-बाजरी-तांदळाचे भाव बाजार समित्या रोज देतात. ग्रामीण मजुरीचे दर केंद्राचं श्रम कार्यालय दर महिन्याला प्रसिद्ध करतं. शेळ्या-मेंढ्यांचे बाजार सांगोल्याला, लोणंदला, ठिकठिकाणी भरतात आणि तिथे पावत्या फाटतात. हे तीन आकडे जिल्ह्याजिल्ह्याने एका ओळीत आणून ‘एका मजुरीत किती ज्वारी, एका शेळीत किती ज्वारी’ एवढं दर आठवड्याला छापायला नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही नाही. वाचकांपैकी जे बाजार समितीवर आहेत, जिल्हा परिषदेत आहेत, तालुक्याचं साप्ताहिक चालवतात किंवा महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतात, त्यांना ही माझी विनंती आहे: आपल्या एका बाजारापासून सुरुवात करा, आणि आकडा घसरलेला दिसला की तो तहसीलदाराच्या टेबलावर लेखी ठेवून पोच घ्या.